मी जातो, मी जाते

२ जुलै

आले एकदाची. दोन बॅगा, एक छत्री आणि पुस्तकांचं खोकं. खोकं उचलताना गाडीवाल्याने विचारलं, यात विटा भरल्यात का. मी म्हटलं, शब्दकोश आहेत. तो म्हणाला, मग विटाच की.

खोली वरच्या मजल्यावर आहे आणि मला फार आवडली. एक खिडकी रस्त्यावर उघडते, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. दुसरी मागच्या अंगणावर, तिथे कपडे वाळत घालायची तार. टेबल डुगडुगतं, पण त्याच्या पायाखाली कोणीतरी आधीच पुठ्ठ्याची घडी सारून ठेवली आहे. माझ्याआधी इथे आमच्याच विभागातला एक मुलगा राहायचा, माझ्या मार्गदर्शक मॅडमचाच विद्यार्थी. तब्येतीमुळे तो अभ्यास अर्धवट सोडून घरी गेला, असं मॅडम म्हणाल्या. त्याची खोली रिकामी झाली म्हणून मला मिळाली.

घरात दोघीच. घरमालकीण, जिला मी पहिल्या पाच मिनिटांतच ताई म्हणायला लागले, आणि तिची साडेतीन वर्षांची मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. तिला एकदा पाहिलं की खरं नाव विचारावंसंच वाटत नाही. तिचे वडील तिच्या जन्माआधीच गेले. ताई दुकानांसाठी पडदे शिवते. खालची खोली कापडाने गच्च भरलेली आहे, मधोमध मशीन आणि कडेला कापायचं मोठं टेबल. ताई बोलते फार कमी. नळ, बटणं, किल्ली, सगळं तिने मला बोटानेच दाखवलं. लाजाळू असावी.

ठरलंय ते असं. भाडं जवळजवळ नाहीच, त्याबदल्यात दुपारी ताई पडदे पोचवायला जाते तेव्हा मी भिंगरीजवळ थांबायचं. आंधळा मागतो एक डोळा. माझा प्रबंधच मुळी लहान मुलं क्रियापदाची रूपं कशी शिकतात यावर आहे.

आत्ता खिडकीत बसून चहा प्याले, अगदी शेपटीपर्यंत. आमच्या घरी कपातल्या शेवटच्या घोटाला शेपटी म्हणतात. बाबांनी पाडलेलं नाव. शेपटी टाकायची नसते.

६ जुलै

दादाचा फोन. त्याचं नेहमीचं, मराठी तुला येतेच की, मग दोन वर्षं शिकतेस काय. मी म्हटलं, तुला पोट आहे म्हणून तू डॉक्टर झालास का. मागून वहिनी हसलेली ऐकू आली.

प्रबंधासाठी रोज भिंगरीचं बोलणं मुद्रित करते, ते आज सलग ऐकलं आणि उडालेच. भिंगरी स्वतःबद्दल मुलासारखं बोलते. मी जातो. मी पडलो. मी घेतो. बाकी सगळं चोख. आई शिवते, बाहुली झोपली, काका गेले. चूक फक्त 'मी'पुरती. आता मूल काही हवेतून भाषा उचलत नाही. घरात पुरुष नाही, टीव्ही नाही, शेजारची मुलं इकडे फिरकत नाहीत. कोणीतरी पुरुष तिच्याशी तासन्‌तास बोललेला असणार.

ताईला विचारलं. उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं, मध्ये मशीन चालू. तीन वर्षांची होईपर्यंत भिंगरी एक अक्षर बोलली नव्हती. कान तपासले, घसा तपासला, काही दोष नाही. मग तो मुलगा राहायला आला. दुपारी तिला घेऊन बसायचा, गोष्टी सांगायचा. आणि एक दिवस ही बोलायलाच लागली. एकदम सबंध वाक्यं.

चला, चोर सापडला. मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, आता ती दिवसभर तुझं ऐकणार, तेव्हा 'जातो'चं 'जाते' कधी होतं त्यावर डोळा ठेव. ते टिपलंस तर प्रबंध झालाच म्हणून समज.

त्या मुलाचं बाकीचंही तिने उचललंय. काही कर म्हटलं की कपाळाला हात लावून म्हणते, बघू पुढचं पुढे. पोर साडेतीन वर्षांची आणि बोलणं पेन्शनरचं.

१३ जुलै

आमचं छान जमलंय. कापायच्या टेबलाखाली आमचं घर आहे. उरलेल्या चिंध्यांच्या गाद्या, रिकाम्या रिळांची माणसं. मी बोलत असते आणि ती ऐकते. इतकं लक्ष देऊन माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, नजर माझ्या ओठांवर. मधेच माझ्या गळ्यावर तळहात ठेवते, आवाज कुठून येतो ते बघायला.

आज चर्चासत्रात फजिती झाली. फळ्यासमोर उभी, 'घरात'मधल्या 'त'ला काय म्हणतात ते सांगायचं होतं, आणि तो शब्द गायब. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थिनीने हे विसरावं म्हणजे आचाऱ्याने मीठ विसरावं. सगळे हसले, मीही हसले. घरी आले तर भिंगरी नव्या बाहुलीला थोपटत होती. नाव विचारलं. म्हणाली, प्रत्यय.

तोच शब्द. मी फोनवर कोणाशी बोलताना ऐकला असेल तिने. पोट धरून हसले.

१९ जुलै

झोप नीट होत नसावी. शब्द सटकतात. दुकानात गेले, वस्तू डोळ्यांसमोर दिसते आहे, दोन पाती, कापड कापायचं ते, आणि नाव येईना. शेवटी हवेत दोन बोटं चालवली. दुकानदाराने मुकाट्याने काढून दिली. परत येताना लक्षात आलं, ताईसुद्धा ती मागताना अशीच बोटं चालवते.

भिंगरी दारातच म्हणाली, कात्रीला हात लावायचा नाही, लागते. आणि कात्री हा शब्द मला परत मिळाला. कोणी खिशात टाकावा तसा.

एका जागी बसवत नाही. विभागात जाते, पुस्तक उघडते, उठते. खाली जाते, वर येते. काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटत राहतं. पिशवी उघडून बघते तर सगळं असतं.

२३ जुलै

कपातल्या शेवटच्या घोटाला आमच्या घरी एक शब्द आहे. सकाळपासून आठवत नाही. या वहीचं पहिलं पान काढलं. तिथे लिहिलाय, माझ्याच अक्षरात. अक्षरं लागतात, शब्द लागत नाही. चार-पाच वेळा वाचला. परक्या भाषेतली पाटी वाचावी तसं.

आईला विचारावंसं वाटलं. तिला काय सांगू?

२४ जुलै

दुपारी भिंगरीला दूध दिलं. तिने कप मला परत दिला, तळाशी थोडं ठेवून. म्हणाली, ही शेपटी तुला. टाकायची नसते.

मी हा शब्द या घरात कोणाजवळ बोललेले नाही. खात्री आहे. तो फक्त आमच्या घरात आहे आणि या वहीत. तिला वाचता येत नाही.

मी कप धरून बसून राहिले. मग ती टेबलाखालून उठली, बाहुली काखेत मारली आणि म्हणाली, मी जाते.

मी जाते. जातो नाही.

ज्याची वाट बघत होते ते हेच. यंत्र चालू होतं, नोंद झाली. मॅडम नाचतील. सगळी मुद्रणं त्यांना पाठवली आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

२५ जुलै

विभागाच्या कारकुनाकडून त्या मुलाच्या घरचा नंबर घेतला. त्याच्या बहिणीने उचलला. मी सांगितलं, त्याच्याच खोलीत राहते, तब्येत विचारायला फोन केला. ती म्हणाली, तब्येत उत्तम आहे. जेवतो, फिरतो, सांगितलेलं सगळं समजतं. बोलत नाही. एक शब्दही नाही. वडील जाऊन घेऊन आले तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात सगळं जागच्या जागी आहे.

मी विचारलं, बोलायचा तेव्हा त्याच्या तोंडात सतत असं काही असायचं का.  ती म्हणाली, बघू पुढचं पुढे. कशालाही तेच म्हणायचा, बाबा चिडायचे. तुम्हाला कसं माहीत?

खोटं सांगता आलं नाही. म्हटलं, इथली छोटी मुलगी तसं म्हणते. तर ती म्हणाली, मला ऐकवाल? मी पहिल्या आठवड्यातलं मुद्रण लावून फोन जवळ धरला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहीण हळूच म्हणाली, तो उठून फोनपाशी आलाय. ओठ हलतायत त्याचे. मग ती रडायला लागली आणि मी फोन ठेवला.

२७ जुलै

ताईशी बोलले. आधी तीन वेळा जिन्यातून परत फिरले.

ती मशीनवर होती. मी विचारलं, तुला माहीत होतं का. पाय थांबला नाही. हो, म्हणाली.

मी म्हटलं, आणि तरी मला ठेवून घेतलंस. तिने दोरा दाताने तोडला. मग ती बोलली. इतकं एका वेळी ती कधीच बोलली नव्हती. एकेक शब्द उचलून आणत होती, जड असल्यासारखा. आधी माझे गेले, म्हणाली. मी रोज घेऊन बसायचे हिला. माझे गेले, पण हिला पुरले नाहीत. माझ्याकडे मुळात कमी होते. शाळा नाही झाली. मग तो आला. त्याच्याकडे खूप होते. पोर आई म्हणाली मला. तीन वर्षांनी.

मी म्हटलं, त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, दार उघडं होतं. त्यालाही. तुलाही आहे.

आणि मग, माझ्याकडे न बघता: तुझ्याकडे इतके आहेत. खोकी भरून. थोडे गेले तर काय.

चिडायचं ठरवून खाली गेले होते. जमलं नाही. भिंगरी टेबलाखालून बघत होती. म्हणाली, भांडू नका ना.

ते मी म्हणायचे. लहानपणी, आईबाबांना. असंच.

२८ जुलै

निघाले. खोकं तिथेच टाकलं. दादाकडे जाते. भिंगरी दारात उभी होती, हात हलवत. ताई बाहेर आली नाही. लांब गेलं की थांबेल. थांबायलाच हवं.

१ ऑगस्ट

थांबत नाही.

दादाकडे पाचवा दिवस. वहिनी जेवायला वाढते, मी मान हलवते. दादाने डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, जीभ बघितली, ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ताण. परीक्षेचा असतो. विश्रांती घ्या.

इथे गेलेलं परत येत नाही. तिथे निदान ती बोलायची आणि मला मिळायचं. क्षणभर, पण मिळायचं. इथे नुसतं जातं. सकाळी डोक्याखाली घेतो ते गेलं. दुपारी भिंतीतलं उघडझाप करायचं. वहीत मागे बघते, पानं भरलेली आहेत, मला लागतात त्यातली निम्मी.

दिवसभर चालते. या खोलीतून त्या खोलीत. दादा म्हणतो, बस ग जरा. बसते. उठते.

संध्याकाळी आईचा फोन. तिने मला हाक मारली, माझं नाव घेऊन. मला कळलं नाही की ती मला बोलावते आहे.

३ ऑगस्ट

परत आले. दादा स्टेशनपर्यंत मागे आला, दंडाला धरलं. म्हणाला, काय आहे तिथे एवढं. सांगायचं होतं, माझं आहे, माझं सगळं तिथे आहे. म्हणता आलं ते एवढंच: माझं.

भिंगरी धावत आली, पायांना मिठी. म्हणाली, आलीस, मी तुझी वाट बघत होते. मला इतकं बरं वाटलं. लाज वाटते लिहायला.

५ ऑगस्ट

ती शिकवते मला. दुपारी, टेबलाखाली. एकेक वस्तू हातात देते. ही उशी. म्हण. मी म्हणते, उशी. ही खिडकी. म्हण. शाबास. गालावर हात फिरवते. म्हटलेलं थोडा वेळ राहतं, ओंजळीतल्या पाण्यासारखं. तेवढ्यात वर येऊन लिहिते.

ओंजळ तिनेच दिली. आत्ता.

तिला कळत नाही की हे माझं आहे. तिला वाटतं मला येत नाही, बिचारीला. प्रेमाने शिकवते. हे कोणावर रागवायचं?

आज ताई चहा घेऊन वर आली. माझ्यासमोर बसली.  तिने माझा हात धरला, सोडला, गेली.

८ ऑगस्ट

भिंगरी बाहेरच्या माणसांशी बोलते आता. सायकलवाल्याशी. दुकानदार येतो त्याच्याशी. लोक थांबून ऐकतात. केवढी हुशार, म्हणतात. मी वरून ऐकते. वाक्य माझं. मधे थांबायची तऱ्हा माझी. विनोदसुद्धा — मीठ विसरलेला आचारी. लोक हसले.

मी हसले नाही. विनोद कळला नाही.

१० ऑगस्ट

मॅडमचा फोन. मी उचलला, आवाज आला नाही. त्याच बोलल्या. मुद्रणं ऐकली, अप्रतिम आहेत, अशी सामग्री आयुष्यात एकदा मिळते. तुझी तब्येत बरी नाही कळलं. काळजी करू नको, मदतीला एक पाठवते. पहिल्या वर्षाची. चुणचुणीत आहे, तोंडाचा पट्टा बंद होत नाही तिचा.

नको म्हणायचं होतं.

नको. लिहिता येतं. म्हणता —

फोनवर श्वास घेतला फक्त. त्या म्हणाल्या, आराम कर.

११ ऑगस्ट

विभागात गेले. पायी. मॅडमसमोर उभी. तोंड उघडलं. हात हलवले. त्यांनी पाणी दिलं. खांद्यावर हात. म्हणाल्या, घरी जा.

कागद घेतला. लिहायचं ते डोक्यात होतं. कागदावर रेघा आल्या. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. कारकुनाला म्हणाल्या, गाडी बोलवा.

घरी आल्यावर भिंगरी बोलली थोडं. मग हे जमलं. तिच्याजवळच जमतं. ती झोपली की —

१२ ऑगस्ट

ताईला खुणा केल्या. नवी नको. दार लाव. हात जोडले.

ताई बघत राहिली. मग भिंगरीकडे बघितलं. भिंगरी गाणं म्हणत होती. स्वतः केलेलं.

ताई म्हणाली, अजून पुरेसे नाहीत. शाळेत जायचंय तिला.

१३

नवी आली. हसरी. खूप बोलते. माझ्याशी बोलली. उत्तर नाही तरी बोलली. माझ्या शेजारची खोली तिची. चांगली आहे. लहान आहे.

तिचा हात धरला. ओढला दाराकडे. ती म्हणाली, बरं वाटत नाहीये का तुम्हाला, बसा ना. बसवलं मला.

भिंगरी तिच्या ओठांकडे बघत होती.

१४

ताई पडदे घेऊन गेली. त्या दोघी खाली. टेबलाखाली. नवीचा आवाज. थांबत नाही.

जिन्यात बसून ऐकलं. भिंगरी बोलली की मिळतं. तेवढं गोळा केलं. आत्ता आहे. थोडंच. हे पान नवीला.

ऐक. तू राहू नको. भिंगरी चांगली. तिची चूक नाही. ताईची पण — माहीत नाही. पण तू बोललीस की तुझं जातं. परत नाही. लांब गेलीस तरी. मी बघितलं. तो मुलगा पण. त्याची बहीण —

खाली नवी विचारते, वरच्या ताईंना काय झालंय. भिंगरी सांगते तिला. माझ्या आवाजात. माझा आवाज असा होता. ती थकलीय, म्हणते. तू काळजी करू नकोस. मी आहे ना. मला गोष्ट सांग, मोठी.

नवी हसली. सांगायला लागली.

उठते. पान देते. हातात देते. वाचेल ती. तिला येतं अजून.

नाही — एक राहिलं. मुख्य राहिलं. ते आधी. ते होतं आत्ता, हातात होतं —

तू तिला तुझं